नट्टूकाकांच्या नावातलं गाव

नटवरलाल प्रभाशंकर उंढाईवाला. हे नाव उच्चारलं तर 'तारक मेहता का उल्टा चष्मा' रोज जेवताना लावणाऱ्या घरांतही क्षणभर कुणाला उमगणार नाही. नट्टूकाका म्हटलं की मात्र पोरंसुद्धा हसतात. गडा इलेक्ट्रॉनिक्समधला तो म्हातारा नोकर, जेठालाल शेठजींकडे वर्षानुवर्षं पगारवाढ मागणारा आणि ती न मिळताही दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर येणारा. 2008 पासून 2021 पर्यंत घनश्याम नायक यांनी तो उभा केला. पात्राच्या पूर्ण नावातलं प्रभाशंकर हे त्यांच्या स्वतःच्या वडिलांचं नाव होतं. उंढाई हे त्यांचं जन्मगाव, उत्तर गुजरातेतल्या मेहसाणा जिल्ह्यातलं. तिथे 12 मे 1944 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील नट, आजोबा केशवलाल हेही नट. हिंदी मालिकेतल्या एका दुय्यम पात्राच्या नावात एका नटाच्या घराण्याचा पत्ता असा लिहिलेला आहे.

3 ऑक्टोबर 2021 रोजी ते गेले तेव्हा बातम्यांमध्ये 'ज्येष्ठ सहकलाकार' असा उल्लेख सगळीकडे होता. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्यांच्या नट्टूकाकांमध्ये जे दिसत होतं ते मालिकेच्या तेरा वर्षांत घडलेलं नव्हतं. त्या एका म्हाताऱ्याच्या मागे भवाई या गुजराती लोकनाट्यातला रंगलो उभा होता, जुन्या गुजराती रंगभूमीवरचा विनोदी नट उभा होता, हिंदी चित्रपटातला घरगडी उभा होता. ही वंशावळ उलगडून पाहण्यासारखी आहे, आणि तिची सुरुवात चौदाव्या शतकातल्या एका जेवणापासून होते.

सिद्धपूरचा असाईत ठाकर हा औदीच्य ब्राह्मण, कथाकीर्तन करणारा. उंझ्याच्या हेमाळा पटेलाची मुलगी गंगा हिला एका सरदाराने पळवून नेलं. असाईत सरदाराच्या छावणीत गेला, गाऊन त्याला खूश केलं आणि ही माझी मुलगी आहे, तिला सोडा, असं म्हणाला. सरदाराला शंका आली. ब्राह्मण असशील आणि ही तुझी मुलगी असेल तर तिच्याबरोबर एका ताटात जेवून दाखव, अशी अट त्याने घातली. असाईत जेवला. मुलगी सुटली, आणि असाईत जातीबाहेर गेला. सिद्धपूर सोडून तो उंझ्याला येऊन राहिला. हेमाळा पटेलाने त्याला जमीन दिली आणि पाटीदारांनी त्याच्या वंशाला पोसण्याचा शब्द दिला. तीन मुलांची तीन घरं झाली, त्यावरून समाजाला तरगाळा हे नाव पडलं असं सांगतात. नायक, भोजक ही त्याच समाजाची आडनावं.

ही कथा आहे, दस्तऐवज नव्हे. पण तिच्यात जे घडतं ते विसरण्याजोगं नाही. गुजरातच्या लोकनाट्याचा मूळपुरुष म्हणून लोकांनी जो माणूस आठवणीत ठेवला, त्याने केलेला पहिला अभिनय म्हणजे दुसऱ्याच्या मुलीचा बाप होणं. त्या एका भूमिकेची किंमत त्याच्या सगळ्या पिढ्यांनी मोजली. जातीने त्यांना टाकलं आणि पोट भरण्यासाठी खेळ करत गावोगाव फिरणं त्यांच्या वाट्याला आलं. असाईतने 360 वेश लिहिले अशी परंपरेची मोजणी आहे. त्यातले साठेक आज हाती आहेत.

भवाईतल्या एका नाट्यखंडाला वेश म्हणतात. खेळ देवीचा, अंबामातेचा किंवा बहुचराजीचा. मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेला चाचर म्हणतात. तिथे मशालीच्या उजेडात रात्रभर एकामागून एक वेश चालतात. चार-पाच फुटी तांब्याची भूंगळ वाजली की गावाला कळतं, भवाया आले. आधी गणपती येतो. नट तोंडासमोर थाळी धरून नाचतो आणि चेहरा थाळीआडच राहतो. आपल्याकडे तमाशात गण आधी होतो, तसंच हे. मग काली, मग जुठण, आणि त्यानंतर गावकऱ्यांना ठाऊक असलेले वेश. झंडा झुलणमध्ये मुसलमान सरदार आणि वाण्याची बायको यांचं प्रेम आहे. कजोडामध्ये विजोड लग्नात बांधल्या गेलेल्या बाईचं दुःख आहे. ते दुःख सांगताना प्रेक्षक हसत असतात.

त्या हसण्याचा मालक रंगलो. काही ठिकाणी त्याला डागलो म्हणतात. वेश चालवणारा तो नायक, आणि त्याला प्रश्न विचारून, अडवून, भलतीकडे नेऊन जेरीस आणणारा तो रंगलो. नायक शहाणा असतो, त्याच्याकडे गोष्ट असते, अधिकार असतो. रंगलोकडे काहीच नसतं. तो फक्त ऐकतो, चुकीचं ऐकतो, उलट विचारतो, आणि विचारता विचारता गावच्या पाटलाची, सावकाराची, भटजीची लाज काढून मोकळा होतो. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. बतावणीतला सोंगाड्या हेच काम करतो. दोघं एकमेकांकडून शिकले असं म्हणायला मी धजणार नाही. पण जिथे जिथे गावच्या मालकासमोर गावच्याच आश्रितांनी खेळ करायचा होता, तिथे तिथे हा माणूस जन्माला आलेला दिसतो. धन्याचं अन्न खाऊन धन्याला बोलण्याची ती एकच सोय होती.

संस्कृत नाटकातला विदूषक हा या सर्वांचा पूर्वज, असं सहज लिहिलं जातं. मला ते तितकंसं पटत नाही. विदूषक राजाचा मित्र असतो, ब्राह्मण असतो, त्याला मोदकांची चिंता असते. रंगलोला पोटाची चिंता असते. विदूषक राजाच्या प्रेमात मदत करतो, रंगलो मालकाच्या व्यवहारात नाक खुपसतो. रंगलोचं कूळ दरबारात शोधू नये, ते वतनावर आणि बलुत्यावर जगणाऱ्यांमध्ये सापडतं.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळा शिकलेल्या गुजराती सुधारकांना भवाई सोसेना. महिपतराम रूपराम नीलकंठ यांनी 1866 मध्ये 'भवाई संग्रह' छापला. आज जुने वेश अभ्यासायचे तर त्याच पुस्तकाकडे जावं लागतं, इतके आपण त्यांचे ऋणी आहोत. पण त्यांच्या काळच्या शिक्षितांची नजर भवाईकडे बीभत्स म्हणूनच पाहत होती. रणछोडभाई उदयराम हे गुजराती नाटकाचे जनक मानले जातात. भवाईचा त्यांना तिटकारा होता आणि तिला पर्याय म्हणून सभ्य नाटक उभं करायचं होतं. 1866 मध्येच त्यांचं 'ललितादुःखदर्शक' आलं. तिकडे मुंबईत त्याआधीच हालचाल सुरू झाली होती. 1853 मध्ये सांगलीकर विष्णुदास भावे मंडळी घेऊन मुंबईत आले आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीने गुजरातीत 'रुस्तम सोहराब' केलं. मराठी आणि गुजराती रंगभूमी या शहरात एकाच वर्षी, एकाच रस्त्यावर शेजारी होत्या.

भवाईला नाकं मुरडून जी नवी रंगभूमी उभी राहिली, तिला नट हवे होते. रात्रभर गाऊ शकणारे, स्त्रीपार्ट करू शकणारे, हजार माणसांपर्यंत आवाज पोहोचवणारे. ते मिळाले कुठे? मेहसाणा, विसनगर, उंझा, वडनगर या पट्ट्यातल्या नायक-भोजकांच्या घरात. ज्यांची कला अश्लील म्हणून बाजूला सारली त्यांच्याच मुलांनी ते सभ्य नाटक पेललं. बापूलाल नायक हे मुंबई गुजराती नाटक मंडळीचे आधारस्तंभ झाले. त्यांच्याबरोबर नायिका म्हणून उभा राहायचा विसनगरचा जयशंकर. 1901 मध्ये 'सौभाग्य सुंदरी' या नाटकातल्या भूमिकेमुळे त्याचं आडनावच सुंदरी होऊन गेलं. जयशंकर सुंदरी 1889 चे, आपले बालगंधर्व 1888 चे. एकाच मुंबईत, एकाच काळात, काळबादेवी-गिरगावच्या परिसरात दोन पुरुष स्त्रियांना कसं चालायचं, कसं पदर घ्यायचा ते शिकवत होते. बालगंधर्वांवर आपल्याकडे पुस्तकांचे ढीग आहेत. सुंदरींबद्दल मराठीत फारच थोडं लिहिलं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुंदरींनी 1932 मध्ये रंगभूमी सोडली आणि ते विसनगरला परतले. पुढे अहमदाबादेत नटमंडळ ही नाट्यसंस्था उभी राहिली तेव्हा ते परत आले. 1953 मध्ये रसिकलाल परीख यांचं 'मेना गुर्जरी' भवाईच्या अंगाने बसवलं गेलं. दीना गांधी त्यात मेना झाल्या. याच पुढच्या दीना पाठक. शिकलेल्या वर्गाने जी भवाई टाकली होती, ती जवळजवळ शतकानंतर त्याच वर्गाच्या थिएटरात मानाने आली. 1980 मध्ये केतन मेहतांनी 'भवनी भवाई' काढला तेव्हा तर ती चित्रपट महोत्सवांपर्यंत पोहोचली.

पण हा झाला भवाईचा सन्मानाचा रस्ता. रंगलोने मात्र तो धरला नाही. त्याला रोज पोट भरायचं होतं.

काळबादेवी रोडवर भांगवाडी नावाचं नाट्यगृह होतं. तिथे देशी नाटक समाजाचं ठाण होतं. 1889 मध्ये डाह्याभाई धोळशाजी झवेरी यांनी अहमदाबादेत सुरू केलेली ही मंडळी मुंबईत स्थिरावली आणि विसाव्या शतकाच्या सत्तरीपर्यंत तिथे खेळ करत राहिली. प्रभुलाल द्विवेदींचं 'वडीलोना वांके' 1938 चं. त्याची गाणी गुजराती घरांत अजून गुणगुणली जातात. या नाटकांची घडण ठरलेली असे. मुख्य कथा गंभीर, कौटुंबिक, नीतीची. तिच्या समांतर एक विनोदी उपकथा चालायची, तिला सरळ 'कॉमिक' म्हणत. गंभीर प्रवेशानंतर मागचा पडदा बदलायचा असे, तेवढा वेळ पुढच्या पडद्यासमोर कॉमिक नट प्रेक्षकांना सांभाळायचा. शेठाणी, नोकर, लुच्चा मुनीम, दोन बायकांचा दादला. रंगलो शहरात आला तो या पडद्यापुढच्या चार हात जागेत. चाचरातली रात्र संपून त्याला आता दहा-पंधरा मिनिटं मिळू लागली. पण काम तेच. गोष्ट पुढे न्यायची नाही, लोकांना बांधून ठेवायचं.

नायक घराण्यातल्या मुलांची शाळा हीच. घनश्याम नायक यांनी लहानपणीच रंगमंचावर पाऊल ठेवलं. 1960 मध्ये सत्येन बोस यांच्या 'मासूम' चित्रपटात ते पोरवयात दिसले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी नाटक, गुजराती चित्रपट, पार्श्वगायन, डबिंग, दूरदर्शन, हिंदी मालिका, जे मिळेल ते केलं. गाता येणं हा नायक घराण्याचा वारसा होता आणि तो त्यांनी गुजराती चित्रपटांसाठी वापरला. एकेकाळी तीन रुपयांसाठी चोवीस तास काम केलं, घरभाड्यासाठी आणि मुलांच्या फीसाठी उसने मागितले, हे त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितलं. हे सांगताना त्यांनी कुणावर राग काढला नाही. 'तारक मेहता' मिळाल्यानंतर मुंबईत दोन घरं झाली, तेही त्याच मोकळेपणाने सांगितलं.

हिंदी पडद्यावर त्यांच्या वाट्याला बहुतेक काका आले. 'हम दिल दे चुके सनम'मध्ये विठ्ठलकाका. 'साराभाई वर्सेस साराभाई'मध्येही विठ्ठलकाकाच, साराभाईंच्या घरचा नोकर. त्या मालिकेत मालकीण होत्या माया साराभाई, म्हणजे रत्ना पाठक शाह, दीना पाठक यांच्या कन्या. मेना गुर्जरी करणाऱ्या बाईंची मुलगी उच्चभ्रू मालकीण, आणि भवाई करणाऱ्या घराण्यातला मुलगा तिचा नोकर, दोघं एका विनोदी मालिकेच्या चौकटीत समोरासमोर. मालिका लिहिणाऱ्यांनी हे ठरवून केलं असेल असं वाटत नाही. पण गुजराती रंगभूमीचे दोन प्रवाह, वरच्या मजल्यावर गेलेला आणि खालीच राहिलेला, त्या दिवाणखान्यात भेटले होते.

हिंदी चित्रपटातला रामूकाका ही एक बिनचेहऱ्याची सोय आहे. तो चहा आणतो, मालकाचा आजार मुलाला सांगतो, डोळे पुसतो. तो कधी मागत नाही. नट्टूकाका वेगळे आहेत ते इथे. ते मागतात.

मालिकेच्या नावातले तारक मेहता हे मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये नोकरी करणारे अहमदाबादचे लेखक. 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात 1971 पासून त्यांनी 'दुनियाने ऊंधा चश्मा' हे सदर लिहायला घेतलं आणि ते दशकानुदशकं चाललं. या सदरातून असित कुमार मोदी यांनी मालिका काढली आणि 28 जुलै 2008 रोजी ती सुरू झाली. गोरेगाव पूर्वेच्या पावडर गल्लीतली गोकुळधाम सोसायटी, तिच्यात गुजराती जेठालाल, मराठी भिडे मास्तर, तमिळ अय्यर, पंजाबी सोढी. मालिकेचे चार हजारांवर भाग झाले. एवढ्या लांब चालणाऱ्या कथेत कथानक आटतं, आणि मग भार पडतो पात्रांच्या सवयींवर. जेठालालच्या घरी बायको आणि वडील, सोसायटीत शेजारी, आणि दुकानात नट्टूकाका व त्यांचा पुतण्या बाघा. दुकानातले प्रवेश काढून पाहा. दोन-तीन माणसं, एक काउंटर, टीव्ही-फ्रिजची रांग. यात घडत काहीच नाही. शेठजी घाईत आहेत, नट्टूकाका त्यांना एक प्रश्न विचारतात, उत्तर मिळतं, ते उत्तरावर प्रश्न विचारतात, इंग्रजी शब्दाची मोडतोड करतात, शेठजी तापतात, नट्टूकाका तोंड पाडतात, आणि शेठजी जरा निवले की हळूच पगाराचा विषय काढतात.

हा नायक आणि रंगलोचा संवाद आहे. अधिकार एकाकडे, प्रश्न दुसऱ्याकडे. जेठालाल करणारे दिलीप जोशी हे स्वतः गुजराती रंगभूमीवरचे पक्के नट, त्यांना समोरच्याची लय नेमकी कळायची. ते चिडण्याचा वेग वाढवत नेत आणि घनश्याम नायक आपला वेग जराही न बदलता उभे राहत. विनोदाचं अर्धं काम त्या न बदललेल्या वेगाने होत असे. रंगलोने घाई केली की खेळ पडतो, हे चाचरात शिकायला मिळतं. कॅमेऱ्यासमोर अनेक चांगले नट समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहतात. नायक वाट पाहत नसत, ऐकत असत, आणि ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर चुकीचा अर्थ हळूहळू उमटताना दिसे. प्रेक्षक त्यांच्या बोलण्याआधीच हसायला लागे. ही गोष्ट लेखकाच्या कागदावर नसते.

आणि ती पगारवाढ. मालिकेने ती ठरीव गंमत म्हणून वापरली, आणि लाखो घरांनी ती तशीच घेतली. मला त्यात भवाईची जुनी मागणी ऐकू येते. पाटीदारांनी असाईतच्या वंशाला पोसायचा शब्द दिला होता. गावाने भवायांचा हक्क द्यायचा, भवायांनी खेळ करायचा, आणि हक्क कमी पडला तर खेळातच ते बोलून दाखवायचं, ही रीत पिढ्यानुपिढ्या चालली. रंगलो धन्यासमोर आपलं मागणं मांडतो, लोक हसतात, धनीही हसतो, पण मागणं बोललं गेलेलं असतं. नट्टूकाकांनी ते तेरा वर्षं बोलून दाखवलं. जेठालाल प्रेमळ शेठ आहे, नोकरांना घरचं मानणारा आहे, आणि तरीही पगार वाढवत नाही. देशातल्या छोट्या दुकानांत काम करणाऱ्या किती माणसांनी स्वतःला तिथे पाहिलं असेल! मराठीत भाषांतर होऊन ही मालिका 'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने आली तेव्हा त्या प्रवेशांत बदल करावा लागला नाही. दादरच्या, लालबागच्या, लक्ष्मी रोडच्या दुकानातला जुना नोकर हाच आहे.

2020 मध्ये टाळेबंदीनंतर चित्रीकरण सुरू करायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. 65 वर्षांवरच्या कलाकारांनी सेटवर यायचं नाही, असा राज्य सरकारचा नियम होता. नायक 76 वर्षांचे होते. ज्येष्ठ कलाकारांना काम करू द्या, असं ते उघडपणे बोलले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. इतर व्यवसायांतल्या ज्येष्ठांना जी मोकळीक आहे ती यांना का नाही, हा त्यातला साधा प्रश्न होता. हातावर पोट असलेल्या नटांना त्या दोन महिन्यांत काय सोसावं लागलं याचा हिशेब कुणी मांडला नाही. त्यानंतर लगेच नायक यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे कर्करोगाचं निदान झालं. उपचार चालू असतानाही परत कामावर जायचं आहे, चेहऱ्यावर रंग असताना मरण यावं, असं ते म्हणत राहिले. मालाडच्या रुग्णालयात 77 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मालिकेने काही महिने ती जागा रिकामी ठेवली. 2022 मध्ये किरण भट्ट नवे नट्टूकाका म्हणून आले. तेही गुजराती रंगभूमीवरचे जुने नट आणि नायक यांचे स्नेही. काही प्रेक्षकांना ही बदली रुचली नाही. त्यांचं दुःख मला समजतं. पण भवाईत वेश एका नटाचा नसतो. बापाचा रंगलो मुलगा करतो, काकाचा पुतण्या करतो, आणि गाव नव्याच्या चालीत जुन्याची चाल शोधत बसतं. केशवलालांनंतर प्रभाशंकर आणि प्रभाशंकरांनंतर घनश्याम रंगमंचावर उभे राहिले ते याच रीतीने. उंढाईवाला हे आडनाव पात्राकडेच राहिलं आहे. किरण भट्ट गडा इलेक्ट्रॉनिक्सच्या काउंटरवर उभे राहून जेव्हा शेठजींकडे पगार वाढवून मागतात, तेव्हा ते त्याच नावाने मागतात.